बरोबरीत सुटलेली कुस्ती: एडिंबरा ते ट्विकनहॅम, चार दिवस

शुक्रवार, १५ मार्च २०१९

सकाळी पिशवी खांद्याला लावून जिना उतरत होतो, तर खालच्या मजल्यावरचे स्कॉटिश आजोबा दुधाची बाटली आत घ्यायला दार उघडून उभे. माझ्या गळ्यातल्या निळ्या मफलरवर त्यांची नजर गेली. "ट्विकनहॅम?" मी मान हलवली. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. १९८३ साली ते तिथं हजर होते. त्या दिवशी रग्बीत स्कॉटलंडनं इंग्लंडला त्यांच्याच मैदानावर २२-१२ असं हरवलं होतं. त्यानंतर आजतागायत, म्हणजे छत्तीस वर्षं, स्कॉटलंडला तिथं एकही सामना जिंकता आलेला नाही. आजोबाही पुन्हा कधी तिकडं गेले नाहीत. "आल्यावर मला सगळं सांगायचं. पहिल्या मिनिटापासून," एवढं बजावून त्यांनी दार लावलं.

आमचं घर एडिंबरातल्या स्टॉकब्रिजमध्ये. दोन गल्ल्या ओलांडल्या की रेबर्न प्लेसचं मैदान लागतं. १८७१ मध्ये जगातला पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना इथंच झाला, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. कलकत्ता कपाचा पहिला सामनाही इथलाच, १० मार्च १८७९ चा. मी ज्या सामन्याला निघालो होतो तो याच कपासाठी होता. या कपाची गोष्ट मला पहिल्यांदा कळली, तेव्हापासून रग्बी हा माझ्यासाठी परका खेळ राहिला नाही. कलकत्त्यात राहणाऱ्या इंग्रज-स्कॉटिश मंडळींनी १८७२ च्या नाताळात तिथं एक सामना खेळला आणि पुढच्याच महिन्यात क्लब काढला. पाच-सहा वर्षांत तो क्लब ओस पडला. हवा मानवेना, आणि लोकांचा ओढा पोलो-टेनिसकडं. मग उरलेल्या सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, २७० रुपये वितळवून त्यांचा कप घडवला आणि तो दरवर्षी खेळला जावा या अटीवर इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. या कपाला तीन कान आहेत आणि तिन्ही कान म्हणजे फणा काढलेले नाग. झाकणावर हत्ती. आपल्याकडच्या कारागिराच्या हातचं काम आहे हे बघताक्षणी कळतं.

त्या पहिल्या, १८७९ च्या सामन्यात कोण जिंकलं? कुणीच नाही. बरोबरी झाली. मैदानाच्या कडेनं बसस्टॉपकडं जाताना आज सकाळी हे माझ्या मनात आलंसुद्धा नव्हतं.

वेव्हर्ली स्टेशनवरून लंडनची गाडी सुटली तेव्हा डब्यात निम्मी माणसं निळ्या जर्सीत होती. साडेचार तासांचा प्रवास. बेरिकच्या अलीकडं समुद्राच्या कडेला स्कॉटलंडची हद्द संपते, तिथं सगळ्यांनी मिळून एक आरोळी दिली, आणि ट्वीड नदीवरच्या उंच पुलावर गाडी संथ झाली तशी माणसंही शांत झाली. समोरच्या बाकावर किल्ट, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांचा घागरा, घातलेला चाळिशीतला एक गृहस्थ होता. दोन वर्षांपूर्वीच्या सामन्यालाही तो गेला होता. त्या दिवशी इंग्लंडनं ६१-२१ असं धुतलं होतं. "यंदा चाळीसच्या आत हरलो तरी मी सुखानं घरी जाईन," असं तो अगदी मनापासून म्हणाला. खोटं कशाला बोलू, माझीही अपेक्षा याहून फार मोठी नव्हती. इटलीला हरवल्यानंतर स्कॉटलंड ओळीनं तीन सामने हरलं होतं, आयर्लंडकडून, फ्रान्सकडून, वेल्सकडून. अर्धे खेळाडू जायबंदी. आणि इंग्लंडनं फ्रान्सला ४४-८ आणि इटलीला ५७-१४ असं लोळवलेलं. मग एवढी माणसं खर्च करून चालली होती कशाला? कप आपल्याकडं होता म्हणून. गेल्या वर्षी एडिंबरातल्या मरेफील्ड मैदानावर २५-१३ जिंकून दहा वर्षांनी तो परत आणला होता. घरात आलेली वस्तू कुणी न्यायला आलं तर दारात तरी उभं राहावं लागतं ना, तसं.

संध्याकाळी लंडनमधल्या हाऊन्स्लोला ताईच्या घरी पोहोचलो. ताईनं तांबडा-पांढरा दोन्ही रस्से केले होते. पानावर बसायच्या आधीच भाचा त्याची इंग्लंडची पांढरी जर्सी घालून समोर हजर. बारा वर्षांचा आहे, इथंच जन्मला, इथल्याच क्लबात रविवारी रग्बी खेळतो. त्याच्या क्लबाला आलेल्या तिकिटांतली दोन आम्हाला मिळाली होती. "मामा, उद्या तू रडायचं नाही हां," म्हणाला. ताई म्हणाली, "अरे, मामाला असं बोलतात का?" दाजी हसून म्हणाले, "बोलू दे. उद्या संध्याकाळी बघू कोण रडतंय."

शनिवार, १६ मार्च

ताईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मैदानात चालेल का नाही कोण जाणे, म्हणून आम्ही ते वाटेतच, व्हिटनच्या एका बाकावर बसून संपवलं. हाऊन्स्लोहून आम्ही चालतच निघालो होतो. आकाश भरलेलं, वारा बोचरा. जसजसं मैदान जवळ येत गेलं तसतशी गल्ल्यागल्ल्यांतून माणसं येऊन मिळत गेली. आपल्याकडं जत्रेच्या वाटेला लागलेली गावं जशी एकमेकांत मिसळतात, तसंच. घरांच्या अंगणांत लोकांनी सॉसेज भाजायला ठेवलेले, मोटारींच्या डिक्या उघडून तिथंच जेवणं मांडलेली. एका डिकीत पांढरी जर्सी आणि निळी जर्सी घातलेले नवरा-बायको एकाच ताटलीतून खात होते.

या मैदानाच्या जागी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोबीचा मळा होता. १९०७ मध्ये रग्बी युनियननं ती जमीन घेतली तेव्हा लोकांनी नावं ठेवली होती. स्टेशनजवळच्या एका पबचं नाव अजूनही 'कॅबेज पॅच' आहे. त्या पबबाहेर रस्त्यावर शे-दोनशे माणसं काचेतून आतला टीव्ही बघत उभी होती. कार्डिफमध्ये वेल्स-आयर्लंड सामना चालू होता, तिथं मुसळधार पाऊस. वेल्स हरलं आणि इंग्लंड जिंकलं तर यंदाचं सिक्स नेशन्सचं, म्हणजे सहा देशांच्या दरवर्षीच्या स्पर्धेचं, अजिंक्यपद इंग्लंडला मिळणार होतं. त्यामुळं झाडून सगळे इंग्रज त्या एका दुपारपुरते आयर्लंडचे झाले होते. मध्यंतराला वेल्स १६-० पुढं. मग एकेक माणूस काचेपासून वळला आणि मैदानाच्या दिशेनं चालायला लागला. आम्ही आमच्या जागेवर बसलो तोवर तिकडं २५-७ लागलं होतं, अजिंक्यपद वेल्सला गेलं होतं. माझ्या भाच्यानं जर्सीच्या बाहीनं नाक पुसलं आणि म्हणाला, "असू दे. कप तर घेतोच आम्ही."

आमची जागा वरच्या मजल्यावर. माझ्या डाव्या हाताला एक स्कॉटिश आजोबा, ट्वीडचा कोट, मांडीवर कार्यक्रमपत्रिका, तिच्यावर खेळाडूंची नावं पेन्सिलीनं खुणा केलेली. उजवीकडं भाचा, त्याच्या पलीकडं एक इंग्रज बाप आणि त्याची सात-आठ वर्षांची मुलगी. पुढच्या रांगेत किल्टवाली दोन पोरं, त्यांच्या शेजारी इंग्लंडचं गुलाबाचं चिन्ह गालावर रंगवलेल्या बायका. असे सगळे सरमिसळ, ८२ हजार माणसं. मी कोल्हापुरात वाढलो. शाहू स्टेडियममध्ये दोन तालमींचा फुटबॉल सामना असला की समर्थकांना दोन बाजूंना बसवतात, मध्ये पोलीस उभे करतात, तरी कधीकधी चपला उडतातच. तिथल्या त्या ईर्षेवर माझं प्रेम आहे, ती माझ्या रक्तातच आहे. पण इथं शत्रूच्या मांडीला मांडी लावून ऐंशी मिनिटं बसायचं, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते जमेल असं वाटलं नव्हतं. आता त्याशिवाय सामना बघितल्यासारखं वाटत नाही.

पाचला सुरुवात झाली. मी अजून मफलर सारखा करत होतो तेवढ्यात इंग्लंडच्या जॅक नॉवेलनं पहिला ट्राय केला, म्हणजे चेंडू आमच्या रेषेपलीकडं नेऊन टेकवला. सव्वा मिनिटसुद्धा झालं नव्हतं. मग टॉम करी. मग जो लाँचबरी. मग त्यांच्या कर्णधाराची, फॅरेलची पेनल्टी, म्हणजे आमच्या चुकीबद्दल मिळालेली खांबांमधली लाथ. मग एकोणतिसाव्या मिनिटाला जॉनी मे. ३१-०.

अर्ध्या तासात एकतीस. आमच्या पोरांना चेंडू हातात नीट धरताच येत नव्हता. आखाड्यात सलामी झाली न झाली तोच पाठ टेकावी तसा प्रकार. आजूबाजूला इंग्रजांचं गाणं चढत्या आवाजात सुरू झालं. पुढच्या रांगेतली ती दोन पोरं उठली, किल्ट झटकले आणि निघून गेली. परत आलीच नाहीत. शेजारच्या आजोबांनी कार्यक्रमपत्रिकेची चौघडी केली, ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि दुसऱ्या खिशातून एक पत्र्याची डबी काढली. आत टॅब्लेट होतं, साखर, लोणी आणि आटवलेलं दूध घालून स्कॉटलंडच्या घराघरांत करतात ती वडी, आपल्या बर्फीची बहीणच. त्यांनी आधी डबी माझ्यापुढं धरली, मग माझ्या अंगावरून वाकून भाच्यापुढं, मग त्या इंग्रज मुलीपुढं. "घ्या. गोड खा. आता दुसरं काय करणार," म्हणाले. भाच्यानं वडी तोंडात टाकली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सॉरी हं, मामा." तो जिंकत होता आणि त्याला माझं वाईट वाटत होतं. तो हात मला अजून गुडघ्यावर जाणवतो.

पस्तिसाव्या मिनिटाला फॅरेल चेंडू लाथाडायला गेला आणि आमच्या कर्णधारानं, स्टुअर्ट मॅकिनलीनं, झेप घेऊन तो अंगावर अडवला. चेंडू उसळून त्याच्याच हातात. मॅकिनली हुकर आहे, म्हणजे दोन्ही संघ डोकी घालून एकमेकांना रेटतात त्या स्क्रममध्ये पहिल्या फळीत मधोमध मान घालणारा गडी. असा गडी धावण्यासाठी नसतो. पण त्याच्यापुढं अर्ध्याहून जास्त मैदान मोकळं होतं आणि मागं जॉनी मे, इंग्लंडचा वाऱ्यासारखा पळणारा. आजोबा उभे राहिले. ओरडले नाहीत, फक्त उभे राहिले आणि पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. मॅकिनली पोहोचला. ३१-७. लोकांनी टाळ्या वाजवल्या, इंग्रजांनीही, मोठ्या मनानं. पडत्या पैलवानानं एक चांगला डाव टाकला की वाजवतात तशा. मध्यंतराला त्याचं कुणालाच फार वाटत नव्हतं.

मग दुसरा अर्धा. डार्सी ग्रॅहम कोपऱ्यात. ३१-१२. तीन मिनिटांत मॅग्नस ब्रॅडबरी, ३१-१९. मैदानात काहीतरी बदललं होतं. आधी कानाला कळलं, मग डोळ्याला. इंग्रजांचं गाणं सुरू व्हायचं आणि दुसऱ्या ओळीत विरून जायचं. पुन्हा ग्रॅहम, ३१-२४. आता आमच्या मजल्यावरचे सगळे निळे उभे. आणि साठाव्या मिनिटाच्या आसपास फॅरेलनं दिलेला पास आमच्या फिन रसेलनं मधल्यामध्ये उचलला आणि पळत सुटला, खांबांच्या दिशेनं, अडवायला कुणीही नाही. ३१-३१.

मी ओरडलो असेन. मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की आजोबांनी माझा हात धरला होता आणि त्यांच्या बोटांना टॅब्लेटची साखर होती, चिकट. उजवीकडं बघितलं तर भाचा खाली बसला होता, एकटाच, सगळ्या उभ्या माणसांच्या मध्ये, आणि जर्सीची कॉलर दातात धरून चावत होता. पलीकडच्या त्या लहान मुलीनं बापाला काहीतरी विचारलं. बापानं उत्तर दिलं नाही.

पुढची पंधरा-सोळा मिनिटं गुण कुणालाच मिळाले नाहीत, आणि माझ्यासाठी सामन्यातला सगळ्यात चांगला भाग तोच. नुसती रेटारेटी. एकेका फुटासाठी झुंज. खासबागेत दोन तोडीचे मल्ल एकमेकांच्या मानेवर हात ठेवून खडाखडी करत राहतात, हलगीचा ठेका वाढत जातो आणि हजारो माणसांचा श्वास त्या दोन मानांत अडकून बसतो. तसं होतं ते. फॅरेलला बाहेर घेतलं, जॉर्ज फोर्ड आत आला. ७६ व्या मिनिटाला रसेलनं सॅम जॉन्सनकडं चेंडू दिला. जॉन्सन एका इंग्रजाला चुकवून गेला, दुसऱ्याला, मग तिघं अंगावर असताना रेषेपलीकडं पडला. कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतरची खांबांमधली लाथ, तीही गेली. ३८-३१.

एकतीस गुणांनी मागं असलेला संघ सात गुणांनी पुढं होता, ३८ गुण एका दमात. आजोबांनी खिशातून ती चौघडी केलेली पत्रिका काढली, उलगडली, मांडीवर तळहातानं सपाट केली आणि पेन्सिल शोधायला लागले. पेन्सिल सापडेना. छत्तीस वर्षांनी जिंकत होतो आणि ते लिहून ठेवायला त्यांच्याकडं पेन्सिल नव्हती. भाच्यानं त्यांच्या पायाशी पडलेली पेन्सिल वाकून उचलली आणि त्यांच्या हातात दिली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

घड्याळात ८० झाले. रग्बीत तेवढ्यानं सामना संपत नाही. चेंडू बाहेर गेला, कुणी चूक केली किंवा ट्राय झाला तरच पंच शिट्टी फुंकतो, तोवर खेळ चालूच. चेंडू इंग्लंडकडं होता आणि ते तो सोडत नव्हते. एक्क्याऐंशी. ब्याऐंशी. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, दर वेळी दोन पावलं पुढं. आमची पोरं आडवी पडत होती, उठत होती, पुन्हा पडत होती. ज्यांनी एवढा डोंगर चढला त्यांना शेवटचं पाऊल तेवढं ठेवू दे, असं मी अंबाबाईला मनातल्या मनात विनवलं. त्र्याऐंशीव्या मिनिटाला फोर्डला खांबांसमोर फट दिसली आणि तो तिच्यातून आत गेला. खांबांच्या मधोमध ट्राय, म्हणजे कन्व्हर्जन चुकण्याचा प्रश्नच नाही. ३८-३८. शिट्टी.

त्यानंतरचं सांगायलाच मी हे सगळं लिहायला बसलो. ८२ हजार माणसं होती आणि आवाज नव्हता. कुणी हात वर केले नाहीत. फोर्डच्या ट्रायला जो जल्लोष झाला तो शिट्टीबरोबर कुणीतरी बोळा कोंबावा तसा थांबला. खेळाडू होते तिथंच उभे राहिले, कुणी कमरेवर हात ठेवून, कुणी गुडघ्यावर. इंग्रजांना कळत नव्हतं की आपण वाचलो याचा आनंद मानायचा का एकतीसची आघाडी घालवली याची लाज धरायची. आणि आम्हाला कळत नव्हतं की शून्यातून उठून उभे राहिलो ते धरून बसायचं का हातातोंडाशी आलेला घास गेला ते. त्या मिनिटभरात दोन्ही बाजूंच्या माणसांचे चेहरे मला एकसारखे दिसले. कुणी कुणाची जर्सी बदलली असती तरी फरक पडला नसता.

मग टाळ्या सुरू झाल्या. वरच्या मजल्याच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून, हळूहळू, आणि पसरत गेल्या. सगळेच वाजवत होते. पलीकडचा इंग्रज बाप माझ्या भाच्याच्या डोक्यावरून हात पुढं करून मला म्हणाला, "तुम्ही जिंकायला हवं होतं." त्यानं ते जड मनानं म्हटलं, शिष्टाचार म्हणून नाही. आजोबा उठले, कोटाची बटणं लावली. पत्रिकेवर त्यांनी खालच्या कोपऱ्यात दोन आकडे लिहिले होते. ती त्यांनी भाच्याला दिली. "ठेव. तू पेन्सिल दिलीस ना." कप आमच्याकडंच राहणार होता, बरोबरी झाली की आधीच्या विजेत्याकडं राहतो. हे त्यांना मी सांगितलं तर म्हणाले, "माहीत आहे रे पोरा. उद्या सकाळी मला त्याचा आनंद होईल. आज नाही."

स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर पाऊल टाकायला जागा नव्हती. घोड्यांवर बसलेले पोलीस, मुंगीच्या चालीनं सरकणारी रांग. काही स्कॉटिश तरुण कपावर रचलेलं काहीतरी गात होते. त्यांच्यातच भिंतीला टेकून एक बाई रडत होती आणि तिच्या खांद्याला धरून उभी असलेली तिची मैत्रीण पांढऱ्या जर्सीत. मागं दोन इंग्रज भांडत होते. एकाचं म्हणणं, फॅरेलला आणखी आधी बाहेर घ्यायला हवं होतं. दुसऱ्याचं म्हणणं, एकतीस झाल्यावर सगळ्यांनीच मनानं जर्सी उतरवली, त्याला एक माणूस काय करणार. मला दुसऱ्याचं पटलं. पैलवान चीत झाला असं समजून जो लोकांना मुजरा करायला वळतो, त्याची पाठ उघडी पडते.

घरी आलो तर ताई दारातच. तिचा आवाज बसलेला. "मी तुझ्यासाठी पण ओरडले, याच्यासाठी पण ओरडले. शेवटी दाजींनी पाणी आणून दिलं." भाचा न जेवताच झोपला.

रविवार, १७ मार्च

सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून वर्तमानपत्र आणलं. रसेलनं सांगितलं होतं की मध्यंतराला त्याचा प्रशिक्षक टाउनसेंडशी चेंडू लाथाडण्याच्या डावपेचावरून वाद झाला. वाचून बरं वाटलं. कुणीतरी आत भांडलं म्हणून बाहेर काही घडलं.

मग भाच्याच्या क्लबावर गेलो. चिखलाचं मैदान, कडेला आई-बाप हातात चहाचे पेले धरून. रोज हवापाण्यावर बोलणारी माणसं आज सरळ मुद्द्यावर. एका आईला रात्रभर झोप लागली नव्हती. एक बाप म्हणाला की त्यानं अर्ध्या तासानंतर टीव्ही बंद करून बागेत काम केलं, सामना संपला असं समजून, आणि आत आल्यावर आकडे बघून त्याला वाटलं यंत्र बिघडलंय. दुसऱ्या एकाला विचारलं, हरलो नाही याचं समाधान नाही का? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "फोर्डनं ट्राय केला तेव्हा मी उडी मारली. खाली येईपर्यंत मला लाज वाटायला लागली होती." पोरांना मात्र यातलं काही नव्हतं. त्यांच्या प्रशिक्षकानं त्यांना आज एकच गोष्ट करायला लावली, समोरच्याची लाथ अंगावर अडवायची आणि सुटलेला चेंडू घेऊन पळायचं. वीस-बावीस पांढऱ्या जर्सीतली पोरं तासभर मॅकिनली होत होती. माझा भाचासुद्धा.

दुपारी कोल्हापूरला बाबांना फोन लावला. बाबा तरुणपणी गंगावेश तालमीत जायचे, आता गुडघे गेलेत, पण खासबागेत मैदान असलं की रिक्षा करून जातात. रग्बी त्यांनी कधी बघितलेला नाही.

"निकाली झाली का?"

"नाही बाबा. बरोबरीत सुटली."

"किती वेळ धरली?"

"ऐंशी मिनिटं. वर तीन."

"आणि पंचांनी सोडवली तेव्हा वर कोण होतं, खाली कोण होतं?"

मी सांगितलं, आधी आम्ही खाली होतो, बराच वेळ, मानेवर गुडघा होता असं समजा. मग उठलो, वर आलो. शेवटच्या क्षणाला त्यांनी पुन्हा पकड घेतली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गदा कुणाकडं?"

"आमच्याकडंच राहिली. गेल्या वर्षीची."

"मग लोकांनी फेटे उडवले का?"

"नाही बाबा. कुणीच नाही."

"हं," म्हणाले. थोड्या वेळानं, "चांगली कुस्ती असणार."

ताईनं ती कार्यक्रमपत्रिका पोळपाटाखाली दाबून ठेवली होती, चौघडीच्या घड्या जाव्यात म्हणून. भाचा दर अर्ध्या तासानं पोळपाट उचलून बघत होता.

सोमवार, १८ मार्च

किंग्ज क्रॉसवरून सकाळची गाडी. निळ्या जर्सी आज कमी होत्या, बरेचजण कालच परतलेले, पण जे होते त्यांचे आवाज बसलेले. शुक्रवारी भेटलेला किल्टवाला गृहस्थ दिसतोय का म्हणून मी दोन डबे फिरून आलो. दिसला नाही. न्यूकॅसलला चढलेल्या एका इंग्रज बाईनं माझा मफलर बघून विचारलं, "तिथं होतात?" आणि मग बेरिकपर्यंत आम्ही रसेलच्या त्या पासबद्दलच बोलत राहिलो. हातवारे करून, टेबलावर चहाचे पेले इकडून तिकडं सरकवून.

एडिंबरात पाऊस नव्हता. रेबर्न प्लेसवरून चालत घरी आलो. जिन्यात पाऊल वाजलं तसं खालचं दार उघडलं. आजोबांच्या अंगात घरचा स्वेटर, चष्मा कपाळावर.

"या, या. बसा." मी कधी त्यांच्या घरात गेलो नव्हतो. दिवाणखान्यात एकच खुर्ची खिडकीकडं वळवलेली होती, दुसरी टीव्हीकडं. ते टीव्हीकडच्या खुर्चीत बसले नाहीत.

"मी बंद केला," ते म्हणाले. "एकतीस झाल्यावर. बंद केला आणि नदीकाठी फिरायला गेलो. आलो तेव्हा रस्त्यात लोक होते, सगळ्या पबांतून बाहेर आलेले. मी विचारलं काय झालं. कुणाला नीट सांगताच येईना." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मी पुन्हा लावूनही बघितलेला नाही. तुमच्याकडून ऐकायचं होतं."

मी पिशवी खाली ठेवली, मफलर काढला आणि फॅरेल लाथ मारायला पाय मागं नेतो तिथून सुरुवात केली.